घरगुती जनरेटर (मराठवाडा)

घरगुती जनरेटर म्हणजे लाइट गेल्यावर घरातल्या गरजेच्या वस्तू चालवायला वापरतात ते, दोघांनी उचलून नेता येईल एवढं पेट्रोल इंजिन आणि त्याला जोडलेला, वीज तयार करणारा अल्टरनेटर. बहुतेक 1 ते 3 केव्हीए (क्षमतेचं माप) चे असतात, सिंगल फेज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ देतात, दोरी ओढून नाहीतर बटणावर सुरू होतात. लग्नात, सप्त्यात येते ती डिझेल जनरेटरची गाडी वेगळी, तिचा इथं विषय नाही.

मराठवाड्यात हे मशीन लोकांच्या ओळखीचं झालं ते भारनियमनाच्या काळात. 2005 नंतरची काही वर्षं लई कडक गेली, तासन्‌तास लाइट नसायची आणि झेरॉक्सचं दुकान, दवाखाना, कॉम्प्युटर क्लास, सगळ्यांच्या दारात हा आवाज चालू असायचा. पुढं तर 2013च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचं औष्णिक वीज केंद्रच बंद ठेवावं लागलं. तेव्हाचे बरेच जनरेटर पेट्रोलवर सुरू करून गरम झाले की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचे, आता रेशनचं रॉकेलच मिळेनासं झाल्यानं तो प्रकार मागं पडला. आज शहरात तासा-दोन तासाला इन्व्हर्टर पुरतो, जनरेटर लागतो तो मे महिन्यातल्या वादळात खांब आडवे झाल्यावर, डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळून दुसरी यायची वाट बघताना, किंवा 2025च्या सप्टेंबरात धाराशिव-बीडकडं झाली तसली अतिवृष्टी झाली की.

घ्यायच्या आधी हिशोब करावा. पाटीवर केव्हीए असतं ते वॅट नव्हे, पॉवर फॅक्टर (केव्हीएतला किती हिस्सा वॅट म्हणून मिळतो तो आकडा) 0.8 लिहिलेला असेल तर 2 केव्हीए म्हणजे 1600 वॅट, आणि 42-43 डिग्रीच्या उन्हात इंजिन तेवढंही पूर्ण देत नाही. चार फॅन 300, एलईडी सगळे मिळून 60-70, टीव्ही 100, कूलर 200, फ्रिज 150 च्या आसपास, म्हणजे घर आठ-नऊशे वॅटात भागतं. अडतं ते मोटारीवर. मोटार सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढते, त्यामुळं हौदातून टाकीत पाणी चढवणारी अर्ध्या एचपीची मोटार 2 केव्हीएवर बहुतेक निघते पण बोअरची दीड-दोन एचपीची सबमर्सिबल निघत नाही, जनरेटर नुसता दबतो आणि त्या दबलेल्या व्होल्टेजवर मोटारीचं वाइंडिंग जातं. आपल्याकडं कितीतरी गावांत नळ आठ-आठ दिवसांनी येतो, तेव्हा जनरेटर मोटारीसाठीच घ्यायचा असेल तर मोटारीची पाटी घेऊनच दुकानात जावं. चालवताना आधी मोटार सुरू करायची, बाकीचं नंतर.

आता खरं महत्त्वाचं, ठेवायचा कुठं. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटीहून जास्त जोरानं चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि झोपलेल्या माणसाला तर हे कळायच्या आत शुद्ध जाते. लोकं करतात काय, पाऊस आला की मशीन भिजू नये म्हणून ढाळजेत (दारालगतच्या ओसरीत), जिन्याखाली नाहीतर अर्धं शटर ओढलेल्या गाळ्यात घेतात, आणि वादळात तर पाऊस असतोच! दार उघडं ठेवलं, फॅन लावला म्हणून हा गॅस जात नाही. घरापासून किमान 20 फूट लांब, सायलेन्सरचं तोंड दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला, आणि पावसासाठी चारी बाजूंनी मोकळं पत्र्याचं छप्पर, एवढं करायलाच पाहिजे. कुणाला त्रास झाला तर आधी त्याला उघड्यावर आणायचं आणि 108 ला फोन लावायचा.

दुसरी तेवढीच मोठी गोष्ट जोडणीची. दोन्हीकडं पिन असलेली वायर करून जनरेटरची लाइट घरातल्या सॉकेटमधून उलटी सोडायची ही पद्धत अजून चालते, आणि ती माणूस मारणारी आहे. मेन स्विच बंद करायचा राहिला की ती लाइट सर्व्हिस वायरीतून बाहेर जाते, डीपीतून उलटी चढली तर 11 केव्हीच्या (11,000 व्होल्टच्या) लाइनीवर हजारो व्होल्ट येऊ शकतात, आणि त्याच लाइनीवर खांबावर चढलेला लाइनमन तार मेली आहे असं धरून हात लावतो. काही जण म्हणतात की गल्लीचा लोड ओढला की जनरेटर आपोआप बंद पडतो, पण तार तुमच्याच घरापाशी तुटलेली असली तर गल्लीचा लोड येणार कुठून? ती तुटकी तार चिखलात पडलेली असते आणि तिच्यात तुमची लाइट असते. शिवाय मधेच महावितरणची लाइट आली तर अल्टरनेटर जळतो तो वेगळाच. उपाय साधा आहे, वायरमनकडून मीटरच्या पुढं चेंजओव्हर स्विच बसवून घ्यायचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. नसेल बसवायचा तर सरळ जनरेटरच्या सॉकेटला एक्स्टेंशन लावून फ्रिज आणि फॅन चालवावा.

अर्थिंगकडं आपल्याकडं फार दुर्लक्ष होतं. काळी माती ओली असते तोवर ठीक, उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या की अर्थिंगचा खड्डा नावालाच उरतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी ओतत राहावं.

पेट्रोल 2 केव्हीएला लोडवर तासाला साधारण लिटरभर जातं आणि त्यातून दीड युनिटच्या आसपास वीज मिळते, म्हणजे एक युनिट साठ-सत्तर रुपयांना पडलं. गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतू नये, बंद करून गार होऊ द्यावं. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून काम झाल्यावर कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू द्यावं, नाहीतर चार महिन्यांनी दोरी ओढून ओढून खांदा निघतो तरी सुरू होत नाही. महिन्यातून एकदा दहा मिनिटं लोडवर चालवावा आणि ऑइल दर वेळी बघावं.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा इन्सुलिन असेल तर इन्व्हर्टर आणि जनरेटर दोन्ही असलेले बरे, दिवसा जनरेटर चालवून बॅटरी भरायची आणि रात्री ती पुरेल तेवढा वेळ बॅटरीवर काढायचा. छतावर ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनीला जोडलेलं) सोलर असेल तर ते लाइट गेल्यावर स्वतःच बंद होतं, त्याच्या लाइनीत जनरेटर जोडू नये, कारण जनरेटरलाच ग्रिड समजून सोलर सुरू झालं तर त्याची जास्तीची वीज उलटी जनरेटरमध्ये शिरते.