हिरवागार चारा म्हणजे निर्धोक चारा?

‘सांडपाण्याच्या नाल्याकाठचं गवत हिरवंगार आहे, म्हणजे विष नाही, असलंच तरी दूध उकळलं की जातं,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं.

हिरवेपणा नत्र आणि पाण्यातून येतो. कॅडमियम हे जड धातूचं विष पानांत साठलं तरी गवत टवटवीतच दिसू शकतं. जनावराच्या मूत्रपिंडात मात्र ते साचत राहतं. शिसं मुळांतून फारसं वर चढत नाही, ते जनावराच्या पोटात जातं मातीवाटे. ठोंब उपटून बघा, बुडाशी चिखल चिकटलेला दिसेल. चरताना गाय तोही गिळते.

शिसं म्हणजे जंतू नव्हे, आचेने मरायला. उकळताना उडतं ते पाणी. धातू भांड्यातच राहतो.

नेहमीच्या माती परीक्षणात जड धातू सहसा नसतात, ते वेगळे सांगून तपासून घ्या. चाऱ्याचा नमुना न धुता द्या, गाय खाते तसाच. आणि गोठ्याजवळची फुटकी, शिशाची बॅटरी आजच हलवा. गुरं ती चाटतात.