अमली पदार्थांचा गुन्हा आणि विद्यार्थी अर्थसाहाय्य (अमेरिका)

अमली पदार्थ बाळगल्याच्या किंवा विकल्याच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला अमेरिकेच्या केंद्र सरकारचे शैक्षणिक अर्थसाहाय्य काही काळ किंवा बेमुदत नाकारणारी तरतूद. 1965 च्या उच्च शिक्षण कायद्यात 1998 च्या दुरुस्तीने ती आली. तिच्यामागे इंडियाना राज्याचे रिपब्लिकन प्रतिनिधी मार्क साउडर होते. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी 7 ऑक्टोबर 1998 रोजी दुरुस्तीवर सही केली, 1 जुलै 2000 पासून अंमल सुरू झाला आणि डिसेंबर 2020 च्या कायद्याने ती रद्द झाली. कायद्यातील तिची जागा कलम 484, उपकलम ‘आर’. विरोधक तिला ‘एड एलिमिनेशन पेनल्टी’ म्हणत.

बंदीच्या कक्षेत केंद्राचे जवळजवळ सगळे विद्यार्थी-साहाय्य येई: गरीब घरांतील मुलांना मिळणारे आणि परत न करावे लागणारे पेल अनुदान, सरकारी शैक्षणिक कर्जे, कॉलेजातच काम देऊन मोबदला देणारी ‘वर्क-स्टडी’ योजना. विद्यार्थी अपात्र ठरला की त्याच्या शिक्षणासाठी आईवडिलांना मिळणारे ‘पालक-प्लस’ कर्जही थांबे. ज्याची फी घरातूनच भरली जाते, त्याला या तरतुदीचा काहीच उपद्रव नव्हता. एकाच पार्टीत, एकाच पाकिटासह पकडलेल्या दोघांपैकी श्रीमंत घरचा मुलगा पुढच्या सत्राला वर्गात बसे आणि पेलवर शिकणारा घरी. या तरतुदीतला मूळ अन्याय हाच होता. तो अंमलबजावणीत शिरलेला दोष नव्हता, रचनेतच होता.

बंदीचा काळ

गुन्ह्याचा प्रकार आणि तो कितव्यांदा घडला, यावर काळ ठरे. बाळगल्याबद्दल पहिल्या दोषसिद्धीला एक वर्ष, दुसरीला दोन वर्षे, तिसरीला बेमुदत. विकल्याबद्दल पहिलीलाच दोन वर्षे आणि दुसरीला बेमुदत. बाळगणे आणि विकणे या दोन्हींत दोषी ठरल्यास जो काळ मोठा, तो लागू होई.

मोजणी दोषसिद्धीच्या तारखेपासून होई. अटक कधी झाली किंवा शिक्षा कधी भोगून संपली, याला महत्त्व नव्हते. समजा, बाळगल्याची पहिली दोषसिद्धी 15 मार्च 2004 रोजी झाली, तर 15 मार्च 2005 पर्यंत अपात्रता आणि दुसऱ्या दिवसापासून पात्रता. हा दिवस सत्राच्या मधोमध आला, तरी त्या सत्राचे पेल अनुदान मिळू शके, कर्ज तर त्या पूर्ण नोंदणीकाळासाठी मिळे. पण अर्थसाहाय्य कार्यालयाला पात्रता परतल्याचे कळवायचे काम विद्यार्थ्याचेच. कळवले नाही तर पैसे आपोआप येत नसत. शिकत असताना दोषी ठरलेल्याने दोषसिद्धीनंतर उचललेली रक्कम परत करावी लागे. सत्राच्या सुरुवातीला हाती आलेले पैसे फी, खोलीभाडे आणि पुस्तकांत कधीच गेलेले असत, त्यामुळे बंदी संपल्यावरही कॉलेजची थकबाकी दाराशी उभी राही.

काय मोजले जाई, काय नाही

केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याखालची दोषसिद्धीच धरली जाई. नुसती अटक किंवा आरोपपत्र पुरेसे नसे. अपिलात उलटलेला, रद्द झालेला किंवा नोंदीवरून काढलेला निकाल वगळला जाई. अल्पवयीन असतानाची नोंदही मोजली जात नसे. अपवाद एकच, प्रौढ म्हणून खटला चालला असेल तर. दारू आणि तंबाखू केंद्राच्या नियंत्रित पदार्थांच्या व्याख्येतच नाहीत, त्यामुळे वयाआधी बिअर बाळगल्याचा खटला इथे गैरलागू. गांजा मात्र त्या व्याख्येत होता, आणि बाळगणे किती कमी, याला कायद्यात खालची मर्यादा नव्हती. एका सिगरेटीपुरता गांजा आणि पिशवीभर हेरॉइन, दोन्हींचे पहिले बाळगणे म्हणजे एकच वर्ष.

याहून विचित्र गोष्ट अशी की खून, बलात्कार किंवा सशस्त्र दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्याला या कलमाखाली काहीच अडसर नव्हता. यादीत फक्त अमली पदार्थ होते.

अर्जावरचा प्रश्न

केंद्राच्या साहाय्याचा एकच सामाईक अर्ज असतो, ‘फॅफ्सा’. कुटुंबाचे उत्पन्न, अवलंबून असलेल्या व्यक्ती आणि कॉलेजची निवड यांच्या जोडीला त्यात एक प्रश्न आला: अमली पदार्थ बाळगल्याबद्दल किंवा विकल्याबद्दल कधी दोषी ठरला आहात का? ‘हो’ म्हणणाऱ्याला पुढे एक तपासपत्रक भरावे लागे. दोषसिद्धीच्या तारखा, त्यांची संख्या आणि व्यसनमुक्ती कार्यक्रम पूर्ण झाला की नाही, यावरून त्यावर तीनपैकी एक आकडा निघे. 1 म्हणजे पूर्ण पात्र, 2 म्हणजे वर्षाच्या काही भागात पात्र, 3 म्हणजे अपात्र किंवा ‘माहीत नाही’. हा आकडा अर्जदार स्वतःच लिहून देई. त्याच्याशी विसंगत माहिती हाती आली नाही, तर कॉलेजने न्यायालयाच्या नोंदी चाळायची गरज नव्हती.

पहिल्या वर्षी मोठ्या संख्येने अर्जदारांनी हा प्रश्न कोराच सोडला आणि त्यांचे अर्ज तरीही पुढे सरकले. 2001-02 पासून शिक्षण खात्याने धोरण बदलले: उत्तर न देणारा अपात्र. मुळात नकार देण्याचे काम प्रश्नाच्या नुसत्या अस्तित्वाने होई. ज्याची नोंद अल्पवयातली होती किंवा ज्याचे एक वर्ष कधीच उलटून गेले होते, असा माणूसही ‘दोषी’ हा शब्द वाचून अर्ज बाजूला ठेवी. तपासपत्रकात तो 1 मध्ये बसला असता. ‘3’ हा आकडा ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यालाही लागू होता, त्यामुळे निकालाची तारीख न आठवणारा प्रामाणिक अर्जदारही आपोआप बाहेर पडे. खटल्याची कागदपत्रे न्यायालयाच्या लिपिकाकडून मिळवून मगच अर्ज भरणे हा त्यावर शहाणपणाचा उपाय होता, पण तसे सांगणारे कोणी जवळ असेल तर.

पात्रता लवकर परत मिळवण्याचे मार्ग

कालावधी पुरा होण्याआधी परतण्याची एक वाट कायद्याने ठेवली होती: मान्य व्यसनमुक्ती कार्यक्रम पूर्ण करणे. त्या कार्यक्रमात अमली पदार्थ घेतले आहेत का, याच्या किमान दोन अघोषित, म्हणजे आधी न कळवता केलेल्या, तपासण्या असल्याच पाहिजेत. शिवाय पुढीलपैकी एक अट पुरी व्हायला हवी होती: सरकारी निधी किंवा राज्य-परवानाधारक विमा कंपनीचे पैसे घेण्यास तो पात्र असणे, सरकारी संस्थेने किंवा न्यायालयाने त्याला मान्यता दिलेली असणे, अथवा परवानाधारक रुग्णालय, दवाखाना किंवा डॉक्टर तो चालवत असणे. बेमुदत बंदीतूनही हीच वाट होती.

इथे बरेच जण अडखळत. चर्चमधला मदतगट किंवा स्वयंसेवी संस्थेची सत्रे कितीही उपयोगी असली, तरी दोन अघोषित तपासण्या नसतील तर ती मोजली जात नसत. आधी सांगून ठरवलेल्या तारखेला केलेली तपासणीही चालत नसे. दुसरी अडचण खर्चाची. फी भरायला पैसे नाहीत म्हणून अनुदान मागणाऱ्याने विमा नसताना उपचाराचे पैसे भरायचे कुठून? आणि ज्याला व्यसनच नाही, एकदाच गांजा ओढताना जो सापडला, त्याने कोणत्या आजाराचा इलाज करून घ्यायचा? 2008 च्या सुधारणेने थोडी सवलत दिली: मान्य केंद्रात दोन अघोषित तपासण्यांत निर्दोष निघाल्यास पूर्ण कार्यक्रम करणे बंधनकारक राहिले नाही. त्याच सुधारणेने कॉलेजांना प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याला या बंदीची वेगळी, ठळक लेखी सूचना देणे भाग पाडले. तोवर कित्येकांना ही गोष्ट पैसे अडल्यावरच कळत होती. गुन्हा कबूल करून किरकोळ दंडावर सुटका करून घेण्याचा सल्ला देणाऱ्या वकिलांनाही कित्येकदा अशिलाचे पेल अनुदान जाईल याची कल्पना नसे.

परिणाम

केंद्राच्या लेखा-उत्तरदायित्व कार्यालयाने 2005 च्या अहवालात अंदाज मांडला: 2001-02 ते 2003-04 या वर्षांत दरसाल सुमारे 20,000 विद्यार्थ्यांचे पेल अनुदान आणि 29,000 ते 41,000 जणांची कर्जे या कारणाने नाकारली गेली असावीत. ज्यांनी अर्जच केला नाही, ते या आकड्यांत नाहीत.

कायद्याचा उद्देश धाक घालणे हा होता. तो साधला का, हे अर्थशास्त्रज्ञ मायकेल लव्हनहाइम आणि एमिली ओवेन्स यांनी तपासले (2014). हायस्कूल पूर्ण केल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत कॉलेजात जाणाऱ्या दोषसिद्ध तरुणांचे प्रमाण लक्षणीय घटले, गुन्हे कमी झाल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. कॉलेजला जाणे सरासरी सुमारे दोन वर्षांनी लांबले, आणि काही जण कधीच कॉलेजला न गेल्याचे संकेतही मिळाले. म्हणजे बंदीने दिली ती मुख्यतः लांबण. गरीब घरातल्या मुलाला दोन वर्षांची लांबण फुकट पडत नाही. मधल्या काळात पगाराची नोकरी, घरभाडे आणि घरच्या जबाबदाऱ्या येतात आणि परतणे अवघड होते. अमली पदार्थांचा वापर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय तरुणांत जवळपास सारखा असला, तरी अटक आणि शिक्षा कृष्णवर्णीयांना कितीतरी अधिक, त्यामुळे अर्जावरच्या एका प्रश्नातून पोलिसी कारवाईतला भेदभाव थेट शिक्षणात उतरला.

विरोध, सौम्यता आणि रद्दीकरण

‘स्टुडंट्स फॉर सेन्सिबल ड्रग पॉलिसी’ ही विद्यार्थी संघटना याच लढ्याने वाढली. मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी बार्नी फ्रँक यांनी रद्द करण्याची विधेयके वारंवार आणली. येल, स्वार्थमोर, हॅम्पशायर आणि वेस्टर्न वॉशिंग्टन या शिक्षणसंस्थांनी बुडालेले साहाय्य स्वतःच्या निधीतून भरून देण्याची तयारी दाखवली. जॉन पेरी निधीने अशा विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात मरण पावलेल्या न्यूयॉर्कच्या पोलीस अधिकाऱ्याचे नाव या निधीला आहे.

फेब्रुवारी 2006 मध्ये तूट-कपात कायद्याने व्याप्ती आखडली: आता साहाय्य घेत शिकत असताना घडलेला गुन्हाच मोजायचा. आपला हेतू पहिल्यापासून एवढाच होता, असे साउडरही सांगत. शाळकरी वयातील किंवा शिक्षणात खंड असतानाचा गुन्हा त्यामुळे सुटला. त्याच वर्षी न्यायालयात आव्हान दिले गेले. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा, हा मुद्दा आठव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने 2008 मध्ये फेटाळला.

शेवटी 27 डिसेंबर 2020 रोजी सही झालेल्या खर्च विधेयकातील ‘फॅफ्सा सुलभीकरण कायद्या’ने तरतूद काढून टाकली. तुरुंगात असलेल्यांना 1994 पासून बंद असलेले पेल अनुदानही याच कायद्याने परत आणले. शिक्षण खात्याने जून 2021 मध्ये कॉलेजांना कळवले की 2021-22 पासून या प्रश्नाच्या उत्तराचा पात्रतेवर परिणाम धरू नये. छापील आणि ऑनलाइन अर्जावर मात्र प्रश्न 2022-23 पर्यंत तसाच राहिला. 2023-24 च्या अर्जातून तो गेला. मधल्या दोन वर्षांत जुना प्रश्न पाहून कोणी अर्ज सोडून दिला असेल, तर ती हानी कायद्याची नव्हे, अर्जाची.

अजून शिल्लक असलेले अडथळे

फॅफ्सावर प्रश्न नाही म्हणून सगळे मोकळे झाले, असे समजणे चूक आहे. 1988 च्या अमली पदार्थ विरोधी कायद्याखाली न्यायाधीश शिक्षा सुनावताना केंद्राचे लाभ काढून घेण्याचा आदेश देऊ शकतात. त्यात विद्यार्थी साहाय्यही येते. म्हणून निकालपत्रात असा आदेश आहे का, ते वाचून पाहावे.

दुसरा अडथळा आयकरातला. वर्षाला 2,500 डॉलरपर्यंत मिळणारी ‘अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी’ करसवलत, अमली पदार्थांबद्दल ‘फेलनी’ म्हणजे गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यासाठी मिळत नाही. फॉर्म 8863 मध्ये हा प्रश्न थेट विचारला जातो. ‘मिसडिमीनर’ म्हणजे किरकोळ गुन्ह्याला ही बंदी नाही, आणि ‘लाइफटाइम लर्निंग’ सवलतीलाही नाही. त्यामुळे ‘हो’ उत्तर आले तर दुसरी सवलत मागता येते; बरेच पालक दोन्ही सोडून देतात. राज्यांच्या शिष्यवृत्त्यांचे नियमही वेगळे असतात. टेक्सासच्या ‘टेक्सास ग्रँट’मध्ये नियंत्रित पदार्थांच्या गुन्ह्याची अट राज्याच्या कायद्यातच आहे.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत हा विषय दोन तऱ्हांनी येतो. नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असलेल्या मुलांना वरील साहाय्य आणि करसवलती लागू होतात. महाराष्ट्रातून एफ-1 व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला केंद्राचे साहाय्य मुळातच मिळत नाही, पण त्याच्यासाठी अशी दोषसिद्धी कितीतरी महागात पडते. स्वतःच्या वापरासाठी 30 ग्रॅम किंवा त्याहून कमी गांजा बाळगल्याचा एकमेव गुन्हा वगळता, नियंत्रित पदार्थांची दोषसिद्धी देशाबाहेर काढले जाण्याचे कारण ठरू शकते. राज्याने गांजा कायदेशीर केला असला, तरी इमिग्रेशनच्या बाबतीत केंद्राचाच कायदा चालतो. म्हणून गुन्हा कबूल करण्याआधी फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलाचाही सल्ला घ्यावा.