रोडग्यांचा वास आणि बाळाच्या मेंदूतल्या तारा

परवा वावरातून घरी आलो तर शेजारचा पोरगा मोबाईल घेऊन दारातच उभा, त्याच्या बायकोला चौथा महिना लागलाय. "भाऊ, हे पाहा ना, मंत्र ऐकवले का बाळाच्या मेंदूतल्या नसा जुळतात म्हंते. पेनड्राइव्ह घेऊ का?" म्हटलं बाबू, आशाताईने दिलेल्या गोळ्या ती घेते का ते आधी पाह्य. या तारा पहिल्या तिमाहीपासूनच वाट धरू लागतात, तेव्हा बाळाचे कान ऐकायच्या लायकीचेही नसतात, मंत्र ऐकणार कोण?

पण तारा जुळतात कशा, हा प्रश्न मात्र लय भारी आहे.

आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही, तिथेच घोळ होतो. मी म्हणतोय तो न्यूरॉनमधून, म्हणजे मज्जापेशीतून, निघणारा लांब धागा, ॲक्सॉन. वाढताना त्याच्या टोकाला पंजासारखा भाग असतो, ग्रोथ कोन. स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये तो कोंबडीच्या गर्भात पाहिला, तोही मेलेल्या, रंग दिलेल्या कापात, आणि तेवढ्यावरून ताडलं की हा पंजा वाट चाचपडत पुढे सरकत असणार.

आता मज्जारज्जूतल्या काही पेशी घ्या. त्या पाठीकडच्या बाजूला असतात, पण त्यांच्या ॲक्सॉनला पोटाकडे उतरून शरीराची मधली रेषा ओलांडून पलीकडे जायचं असतं. मधल्या रेषेवरच्या पेशी नेट्रिन नावाचं प्रोटीन सोडतात. हे नाव संस्कृतातून घेतलंय, नेतृ म्हणजे नेणारा, आपला नेता त्यातलाच (हा नेता खरंच कुठेतरी पोचवतो!). १९९४ मध्ये ते शोधताना कोंबडीच्या गर्भांचे सुमारे २५,००० मेंदू लागले होते.

पंजाच्या अंगावर डीसीसी नावाचा रिसेप्टर असतो, म्हणजे नेट्रिन ओळखून पकडणारं प्रोटीन. ज्या बाजूने नेट्रिन जास्त चिकटतं त्या बाजूला आत ॲक्टिन नावाच्या प्रोटीनचे बारीक धागे वाढतात, पंजाची ती बोटं टिकतात, बाकीची आखडतात, मागून मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे पेशीला आधार देणाऱ्या बारीक नळ्या, त्या बाजूला सरकतात आणि अख्खा धागा तिकडे वळतो.

पण खरी गंमत पुढे आहे. मधल्या रेषेवर स्लिट नावाचं दुसरं प्रोटीनही असतं, ते हाकलून लावतं, त्याचा रिसेप्टर रोबो. मग ॲक्सॉन आधी जवळ येतोच कसा? तर फळमाशीत कॉम नावाचं प्रोटीन नवीन रोबोला पेशीच्या अंगावर पोचूच देत नाही, वाटेतच लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या भंगारखान्याकडे, मोडीत धाडतं, आणि रेषा ओलांडली की कॉम बंद, रोबो वर, आता तीच रेषा नकोशी. रोडग्याच्या पंगतीसारखं आहे हे, उपाशी असताना वांग्याच्या भाजीचा वास लांबून ओढतो, तट्ट जेवल्यावर तोच वास सोसवत नाही. रोबो नसलेल्या माशीत ॲक्सॉन रेषेभोवती घिरट्याच घालत राहतात, राउंडअबाउट म्हणजे चौकातलं सर्कल, त्यावरूनच रोबो नाव पडलं.

माणसात रोबोचाच एक भाऊ आहे, रोबो-३, पण त्याचं काम उलटं, तो रेषा ओलांडायला मदत करतो. त्याचं जीन बिघडलं तर मेंदूतले काही धागे रेषा ओलांडतच नाहीत, त्या माणसाला डोळे डावी-उजवीकडे फिरवता येत नाहीत, बाजूला पाहायला मान वळवावी लागते आणि पाठीचा कणाही वाकत जातो. आपल्याकडे असं लेकरू दिसलं की करणी केली म्हणून लिंबू उतरवणारे आहेत. लिंबाने रोबो-३ दुरुस्त होत नाही.

आता माझ्याच उदाहरणाला थोडा धक्का. २०१७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात मधल्या रेषेवरचं नेट्रिन काढून टाकलं, तरी बरेचसे ॲक्सॉन पलीकडे गेलेच. वाटेवरच्या दुसऱ्या पेशींचं नेट्रिन काढलं तेव्हा मात्र ते भरकटले. पुढच्या प्रयोगांत मधल्या रेषेचाही वाटा दिसला. म्हणजे नुसता लांबून येणारा वास नाही, पायाखाली अंथरलेली सतरंजीही आहे, तिच्यावर पाय टेकत टेकतच तो धागा पंगतीपर्यंत जातो.