नदीकडे जाणारी आडवी वाट

नकाशावर दाट वस्ती आणि नदी एकमेकींना खेटून दिसतात. शेवटच्या इमारतीपासून पाण्यापर्यंत फार तर शंभर-दीडशे मीटर अंतर. तरीही अशा कितीतरी वस्त्यांमधल्या मुलांना नदी दिसते ती फक्त पुलावरून जाताना. मधल्या पट्ट्यात भरधाव वाहनांचा रस्ता असतो, त्यापलीकडे पूर अडवणारी भिंत, भिंतीखाली काँक्रीटने मढवलेला उभा काठ आणि अनेकदा सांडपाण्याचा वास. विसाव्या शतकात जगभरच्या शहरांनी नदीकाठाने रस्ते नेले, कारण सलग, सपाट आणि बांधकामं न पाडता मिळणारी जागा तिथेच उरली होती.

आता बरीच शहरं हा पट्टा पुन्हा मोकळा करत आहेत. अशा प्रकल्पांच्या चित्रांत काठाने धावणारा लांबलचक, झाडांनी नटलेला मार्ग असतो. मला मात्र वाटतं, की वस्ती आणि नदी जोडली जाते ती त्या मार्गाला काटकोनात. म्हणून आराखडा हाती आला, की आधी त्याचा आडवा छेद पाहावा: गल्लीच्या तोंडापासून पाण्यापर्यंत जमीन कुठे चढते, कुठे उतरते, कुठे अडते.

सुरुवात नजरेपासून करू. समजा, तुम्ही भिंतीपासून 20 मीटरवर उभे आहात. डोळ्यांची उंची 1.6 मीटर, भिंत फक्त 1 मीटर आणि पाणी जमिनीच्या 5 मीटर खाली. भिंतीच्या माथ्यावरून जाणारी नजर 20 मीटरमध्ये 60 सेंटीमीटर खाली उतरते. त्याच उताराने ती पाण्याला टेकेल भिंतीपलीकडे 200 मीटरवर. नदी 100 मीटर रुंद असेल, तर पाण्याचा एक थेंबही दिसणार नाही. लहान मुलाची नजर तर त्या भिंतीवरच आदळेल आणि चाकांच्या खुर्चीतल्या माणसाची जेमतेम तिच्यावरून जाईल. कमरेएवढी भिंत अख्खी नदी झाकते! अशा ठिकाणी गल्लीसमोर भिंतीत उघडा भाग ठेवतात आणि पुराच्या वेळी तिथे सुट्या फळ्या बसवतात, किंवा काठाची जमीनच पाण्याच्या दिशेने उतरती करतात.

नजर पोहोचली तरी पाय पोहोचतीलच असं नाही. 24 मीटर रुंद रस्ता सेकंदाला 1.2 मीटर चालणारा माणूस 20 सेकंदांत ओलांडतो. थकलेल्या गुडघ्यांना सेकंदाला 0.8 मीटर जमतं, म्हणजे त्यांना 30 सेकंद लागतात. सिग्नल 20 सेकंदांचा ठेवला, तर म्हातारी माणसं नदीवर जाणं सोडून देतात आणि कारण कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढे उताराचा प्रश्न. चाकांच्या खुर्चीसाठी चढ साधारण 1:12 असावा लागतो. 3 मीटर खाली उतरायला 36 मीटरचा रॅम्प, शिवाय मध्ये विसाव्याच्या सपाट जागा. एवढी लांबी अरुंद काठावर शेवटच्या क्षणी कोंबता येत नाही. ती पहिल्या रेषेपासून धरावी लागते.

रस्त्याचं काय करायचं, याची उत्तरं शहरांनी वेगवेगळी दिली. माद्रिदने मांझानारेस नदीलगतचा एम-30 महामार्ग 2007 पर्यंत बोगद्यात नेला आणि वर 2011 मध्ये ‘माद्रिद रिओ’ उद्यान पूर्ण केलं. बोगद्याच्या छतावर मोठी झाडं लावणं सोपं नसतं. एक घनमीटर ओली माती दोन टनांच्या आसपास भरते, त्यामुळे मातीचा थर जाड करता येत नाही. तिथे निवडले गेले ते पाइन वृक्ष, कमी मातीत आणि कमी पाण्यात तग धरणारे. पॅरिसने याहून कितीतरी साधा मार्ग घेतला. सीन नदीच्या डाव्या काठावर 2013 मध्ये आणि उजव्या काठावर 2016 मध्ये द्रुतगती रस्त्याच्या पट्ट्यातून गाड्या हटवल्या आणि तोच डांबरी पृष्ठभाग माणसांना दिला.

सोल शहराने चॉन्गेचॉन प्रवाहावरचा उड्डाणमार्ग पाडून 2005 मध्ये सुमारे 5.8 किलोमीटरचा प्रवाह उघडा केला. त्यातलं बहुतेक पाणी पंपाने आणून सोडलेलं असतं, यावर टीका होते आणि ती रास्त आहे. पण त्या आराखड्यात मला महत्त्वाचे वाटतात ते 22 पूल, सरासरी दर 260 मीटरला एक. दोन्ही बाजूंच्या वस्त्यांची रोजची ये-जा प्रवाहावरूनच होते.

आता खुद्द पाण्याकडे वळू. भिंत काढून काठ हिरवा करायचा म्हटलं, की पहिली भीती पुराची, आणि ती खरी आहे. पात्रातून किती विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी, जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं: छेदाचं क्षेत्रफळ आणि प्रवाहाचा वेग. वेग पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर अवलंबून असतो. रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र वापरतात, त्यात गुळगुळीत काँक्रीटचा खडबडीतपणाचा गुणांक सुमारे 0.015 आणि गवताळ काठाचा 0.03 धरतात. उतार आणि खोली तीच असेल, तर गवतावरून पाण्याचा वेग निम्मा होतो. मग तेवढंच पाणी वाहून न्यायला जवळपास दुप्पट छेद हवा. दाट झुडपांत गुणांक 0.1 पर्यंतही जातो. काँक्रीटवर नुसती हिरवळ चढवून भागत नाही, ते यामुळेच. नदीला रुंदी परत द्यावी लागते.

सिंगापूरच्या बिशान–आंग मो किओ उद्यानात हेच केलं. कल्लांग नदीचा 2.7 किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा मोडून 2012 मध्ये तिथे सुमारे 3 किलोमीटरची वळणदार नदी आली. कालवा 17 ते 24 मीटर रुंद होता. नव्या नदीला पुरात पसरायला जास्तीत जास्त 100 मीटरच्या आसपास जागा आहे. काठ धरून ठेवायला जिवंत मुळं, दगड आणि नैसर्गिक धाग्यांच्या जाळ्या वापरल्या. त्याआधी अशा 10 पद्धती एका छोट्या प्रवाहावर तपासून पाहिल्या होत्या. एरवी लोक पाण्याशी बसतात, आणि पाणी चढू लागलं की भोंगे वाजतात. नेदरलँड्समधल्या नायमेखेन शहरात वाल नदीचा बांध तर 350 मीटर मागे सरकवला, समांतर दुसरं पात्र खणलं, आणि पुराची पातळी सुमारे 35 सेंटीमीटरने उतरली. बांध सरकवण्यासाठी काही घरं हटवावी लागली, हेही नोंदवायला हवं.

दाट वस्तीत एवढी जागा क्वचितच मिळते. तिथे काठाचे टप्पे करतात. सर्वांत खालचा टप्पा वर्षातून अनेकदा बुडणार हे गृहीत धरून तिथे फक्त दगड, पायऱ्या आणि वाकणारं गवत. मधल्या टप्प्यावर बाकं, पण पायाशी पक्की बांधलेली. विजेची जोडणी, स्वच्छतागृहं आणि खेळणी वरच्या टप्प्यावर. झाडांच्या रांगा प्रवाहाच्या दिशेने लावतात, आडव्या लावल्या तर वाहत आलेला कचरा अडून तिथेच बांध तयार होतो. आणि पूर ओसरल्यावर गाळ ओला असतानाच धुऊन काढायला गाडी खालपर्यंत पोहोचली पाहिजे. सुकलेला गाळ उपसणं फार कष्टाचं असतं. आराखड्यात ही वाट नसेल, तर दोन पावसाळ्यांत खालचा टप्पा कुलूपबंद होतो.

सांडपाणी नदीत येणं थांबलं नाही, तर यातलं काहीच टिकणार नाही. इथेही आडव्या गल्ल्या कामाला येतात. छतांचं आणि रस्त्यांचं पाणी गल्लीतल्या खोलगट, झाडं लावलेल्या वाफ्यांतून झिरपत नदीकडे गेलं, तर माती तेल, धूळ आणि जड धातूंचा बराच भाग अडवते आणि पावसात मलवाहिन्यांवरचा ताणही कमी होतो. याच गल्ल्यांमधून नदीवरची गार हवा वस्तीत शिरते. काठावर सलग उंच इमारतींची रांग उभी राहिली, तर तो गारवा पहिल्याच ओळीत अडकतो.

पहिली ओळ बहुधा महागही होते. काठ सुंदर झाला, की भाडी चढतात आणि ज्यांच्यासाठी गल्ली नदीला जोडली, तेच दूर फेकले जातात. चॉन्गेचॉनच्या काठावरचे फेरीवाले आधी तोंगदेमुन स्टेडियममध्ये हलवले गेले, आणि पुढे ते स्टेडियमही पाडलं गेलं. जमिनीचे भाव काम पूर्ण होण्याची वाट पाहत नाहीत, घोषणेबरोबरच हलतात. म्हणून भाडेकरूंना संरक्षण आणि विक्रेत्यांच्या जागा यांचा निर्णय पहिलं चित्र प्रसिद्ध होण्याआधी कागदावर यायला हवा, पूररेषेइतक्याच ठामपणे त्याच आडव्या छेदात दाखवलेला.