ब्लॉग-उत्पन्नाचे विविधीकरण

संकेतस्थळ किंवा ब्लॉग चालवणाऱ्याने एकाच मिळकतीवर विसंबून न राहता जाहिराती, अ‍ॅफिलिएट कमिशन (आपल्या दुव्यावरून दुसऱ्याचा माल विकला गेला की मिळणारे), प्रायोजित लेख, वर्गणी, स्वतःचा माल, सेवा अशा वेगवेगळ्या वाटांनी पैसे मिळवण्याची पद्धत. वाटा वाढल्या की विविधीकरण झाले, हा रूढ समज अपुरा आहे. दोन मिळकती एकाच कारणाने, एकाच वेळी आटत असतील तर हिशेबात त्या एकच धराव्यात.

बहुतेकांची सुरुवात २००३ मध्ये आलेल्या गूगल अ‍ॅडसेन्सने, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती लावून देणाऱ्या गूगलच्या सेवेने, होते. जाहिरातदार मोजतो त्यातला सुमारे ६८ टक्के वाटा ब्लॉगचालकाला मिळतो, पण खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हाती पडत नाहीत. हिंदी पानांना ही सोय २०१४ च्या अखेरीस मिळाली. मराठीला आणखी काही वर्षे वाट पाहावी लागली. अ‍ॅफिलिएटची वाट त्याहून जुनी. अ‍ॅमेझॉनची योजना १९९६ ची. तिचे दर कंपनी ठरवते: एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत फर्निचरवरचे कमिशन एकदम ८ वरून ३ टक्क्यांवर आले. शिवाय या दोन्ही वाटा बहुधा गूगल शोधातून येणाऱ्या वाचकांवरच चालतात. २०११ चे ‘पांडा’ किंवा २०२२ चे ‘हेल्पफुल कंटेंट’ यांसारख्या, शोधाची क्रमवारी बदलणाऱ्या गूगलच्या अपडेटने शोधातले स्थान घसरले, की दोन्ही एकदमच घसरतात.

नागपुरात हे प्रकरण हंगामाच्या अंगाने नीट कळते. ताडोबा-पेंचच्या सफारीवर लिहिणारा ब्लॉग घ्या. जुलै ते सप्टेंबर कोअर क्षेत्र बंद असते. त्या काळात माहिती शोधणारे कमी, म्हणून जाहिराती कमी, आणि हॉटेल बुकिंगचे कमिशनही कमी. इथे दुसरे जाहिरात नेटवर्क जोडून काही साधत नाही. संत्री विकावीत, असे नागपूरकराला लगेच सुचते. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाची मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊन थेट बागेतून पेट्या पाठवता येतात, आणि त्यात शोधयंत्राचा हात नसतो, हे खरेच मोलाचे. पण संत्र्याच्या आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्च. म्हणजे पावसाळ्याचे खिंडार तसेच राहते! जून ते ऑगस्ट हा प्रवेशाचा हंगाम. कोचिंग क्लास, होस्टेल, मेसवाले तेव्हा जाहिरातीला पैसे मोजतात. मात्र सफारीचा वाचक पुण्या-मुंबईचा पर्यटक, त्याच्याशी मेसवाल्याला काय कर्तव्य? त्यासाठी शहरातल्या वाचकाचा वेगळा विभागच उभा करावा लागतो, आणि ते वर्षभराचे काम आहे.

त्या मानाने नागपुरी सावजी मसाला विकणे सोपे. तो बारमाही खपतो, टिकतो, आणि गाव सोडून गेलेला वैदर्भीय तो मागवतोच. घरी बनवून विकला तरी एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, हे अनेकजण विसरतात. सेवांचे उत्पन्न, जसे बर्डी-इतवारीच्या दुकानांसाठी संकेतस्थळ बनवणे किंवा मजकूर लिहून देणे, सर्वांत लवकर सुरू होते. पण हात थांबला की तेही थांबते; त्यामुळे सतत कामात राहावे लागते आणि ब्लॉगला वेळ उरत नाही.

वर्गणीची वाट मराठीत अजून अरुंद आहे. यूपीआयमुळे छोट्या रकमा घेणे सोपे झाले, तरी फुकट वाचायची सवय कायम आहे.

वाटा वाढल्या की नियमही वाढतात. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली शिफारस तशी स्पष्ट सांगावी लागते. एखाद्या रिसॉर्टने लेखाच्या बदल्यात फुकट मुक्काम दिला आणि अशा लाभांचे मूल्य वर्षभरात २०,००० रुपयांवर गेले, तर जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएस (उगमस्थानी करकपात) लागतो. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादा मोजताना डॉलरमध्ये आलेली रक्कमही धरली जाते.