रिंगचं दुसरं टोक

आमच्या गावाकडे जाणाऱ्या हायवेवर एक मोठं होर्डिंग लागलंय. सात मजली इमारतीचं गुळगुळीत चित्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘9 रिश्टरपर्यंत भूकंपरोधक’. तिथून जाताना दर वेळी माझी चिडचिड होते. रिश्टरचा आकडा भूकंपाचा असतो, इमारतीचा नव्हे. जमिनीखाली जिथे खडक सरकला, तिथे किती ऊर्जा सुटली एवढंच तो सांगतो. तुमच्या पायाखालची जमीन किती हलेल, हे त्या जागेपासूनचं अंतर, भूकंपाची खोली आणि घराखालची माती यांवर ठरतं. ‘आमचा पंखा 500 मेगावॉटच्या वीजकेंद्रापर्यंत सुरक्षित’ असं कोणी लिहिलं तर आपण हसू. इथे मात्र बुकिंग होतं.

होर्डिंगपेक्षा घातक समजूत मात्र आपल्याच डोक्यात आहे : आरसीसी म्हणजे न पडणारं घर. तिचं मूळ मला किल्लारीत दिसतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगडमातीच्या जाडजूड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि ‘स्लॅबचं घर असतं तर वाचले असते’ हे वाक्य मराठवाड्यात घरोघरी बसलं. ते पूर्ण चुकीचंही नाही. पण 26 जानेवारी 2001 ला भुजचा भूकंप झाला तेव्हा त्याच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत कॉलम-बीमच्याच अनेक बहुमजली इमारती जागच्या जागी बसल्या. नंतर ढिगाऱ्यांमधले कॉलम तपासले, तेव्हा त्यांतल्या उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या आडव्या रिंगा विरळ होत्या आणि रिंगांची टोकं काटकोनात सोडलेली होती.

हा लेख त्या टोकाबद्दल आहे.

आधी एक गोष्ट मान्य करू, जी घर विकताना कोणी सांगत नाही. भूकंपात इमारतीला अजिबात तडा जाऊ नये असा आपल्या मानकांचा आग्रहच नाही. इमारत न मोडता, न वाकता उभी राहायची तर तिला जेवढा आडवा जोर सोसावा लागेल, त्याला इंजिनिअर सरळ 5 ने भागतो आणि उत्तर येईल तेवढ्याच जोराचं डिझाइन करतो. ही चोरी नाही, आयएस 1893 हे भूकंपासाठीच्या डिझाइनचं भारतीय मानक तशी मुभा देतं. उरलेल्या चार भागांचा हिशोब चिवटपणाने चुकता करायचा असतो. म्हणजे इमारतीने वाकावं, तडकावं, सळ्यांनी ताणून ऊर्जा खावी, पण वरचं वजन सोडू नये. अट एकच : सळ्यांची बांधणी आयएस 13920 या चिवट बांधणीच्या मानकाप्रमाणे हवी. साधी बांधणी असेल तर 3 नेच भागता येतं. कागदावर 5 ने भागायचं आणि साइटवर साधी बांधणी करायची, हा मात्र चोरीचाच प्रकार.

आता काँक्रीट चिवट होतं कसं? मुळात ते ठिसूळ. दाब सोसण्यात पटाईत, पण एकदा मर्यादा ओलांडली की फुटून मोकळं होतं. गंमत अशी की दाबाखाली काँक्रीट दबून मरत नाही, ते फुगून मरतं. उभा ठोकळा यंत्रात दाबला की उंचीत किंचित आक्रसतो आणि पोटात सुटतो, त्याला उभ्या भेगा जातात आणि बाजू ढासळतात. जमिनीवर ओतलेल्या गव्हाच्या राशीवर उभे राहा, पाय आत जातो. तोच गहू पोत्यात घट्ट भरा, वर चार हमाल उभे राहतील. गहू बदललेला नाही, त्याला बाजूला पळायला जागा उरली नाही एवढंच. कॉलममधल्या उभ्या सळ्यांभोवती जी आडवी रिंग असते, ती हे पोतं. बरेच जण समजतात की रिंग उभ्या सळ्या जागेवर धरायला असते. तेही काम ती करते, पण तेवढंच नाही.

हे मोजून दाखवलं अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1928 साली. काँक्रीटला बाजूने जेवढा दाब द्याल, त्याच्या सुमारे 4.1 पट उभी ताकद वाढते. बाजूने एक द्या, वर चार घ्या! आकडेमोड करूनच बघू. 300 मिलिमीटरचा चौकोनी कॉलम, 8 मिलिमीटर सळईची रिंग, दर 100 मिलिमीटरवर एक. सळईचं क्षेत्रफळ 50 चौरस मिलिमीटर. 415 प्रतीचं, म्हणजे चौरस मिलिमीटरला 415 न्यूटन सोसणारं लोखंड धरलं तर रिंगची एक बाजू साधारण 21 किलोन्यूटन ओढ सोसते, म्हणजे दोन टनांहून थोडं जास्त. समोरासमोरच्या दोन बाजू मिळून 42. ही ओढ रिंगच्या आतल्या 220 गुणिले 100 मिलिमीटर पट्ट्यावर वाटली की बाजूचा दाब 1.9 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. पण चौकोनी रिंगची सरळ बाजू मध्ये फुगते, ती खरी धरते कोपऱ्यांतच. म्हणून साधारण निम्मा धरा. त्याला 4.1 ने गुणलं की जवळपास 4. एम25 काँक्रीटची ताकद चौरस मिलिमीटरला 25 न्यूटनची 29 झाली.

‘एवढंच?’ असं वाटेल. पण ताकद हा यातला किरकोळ नफा. खरा नफा असा की साधं काँक्रीट हजारात साडेतीन भाग आक्रसलं की संपतं, आणि नीट रिंगा घातलेलं त्याच्या कितीतरी पट आक्रसूनही वजन धरून राहतं. डिझाइनमध्ये सोडलेल्या त्या चार भागांची भरपाई इथून येते.

कॅलिफोर्नियात 9 फेब्रुवारी 1971 च्या सॅन फर्नांडो भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाची अगदी नवी इमारत सापडली. तळमजल्याचे आतले कॉलम दाट स्प्रिंगसारखी सलग गुंडाळलेली सळई घातलेले, तर कोपऱ्यातले सुट्या रिंगांचे. कोपऱ्यातल्या कॉलमचा चुरा झाला. स्प्रिंगवाले दोन फुटांच्या आसपास कलले, त्यांचं वरचं कवच गळून पडलं, तरी ते उभे राहिले. इमारत पुढे पाडावी लागली, पण वरचे मजले खाली आले नाहीत.

कवच गळून पडलं, हे लक्षात ठेवा. रिंगबाहेरचं 40 मिलिमीटरचं कव्हर भूकंपात आधी जातं. रिंग काटकोनात वाकवून बंद केली असेल तर तिची शेपटी त्या कव्हरमध्येच असते. कव्हर गेलं की दोन टनांची ओढ धरायला उरते बाइंडिंगची तार. रिंग उघडते, उभ्या सळ्या धनुष्यासारख्या बाहेर वाकतात, पोतं उसवतं. म्हणून मानक सांगतं : टोक 135 अंशांत वळवा, म्हणजे ते आतल्या गाभ्यात घुसेल. पुढे शेपटी सळईच्या जाडीच्या 6 पट, पण 65 मिलिमीटरपेक्षा कमी नको. चार बोटं लोखंड.

गेल्या वर्षी मावसभावाच्या घराचं काम चालू होतं, तेव्हा कॉलमच्या सळ्यांचा पिंजरा बांधताना पाहिला. रिंगचं एक टोक छान आत, दुसरं काटकोनात. सळ्या बांधणाऱ्या फिटरला विचारलं, “दादा, हे का नाही वळवलं?”

“साहेब, दोन्ही वळवली तर रिंग वरून एकेक करून ओवावी लागते. दिवस जातो त्यात.”

“मग रिंग लावल्यावर वळवा.”

“लावल्यावर सळई वाकवायची चावी बसत नाही कोपऱ्यात.”

माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला मजुरी वजनावर मिळते, वाकवलेल्या कोनावर नाही. आणि बीम-कॉलमच्या जोडातली रिंग, जिथे हिसका सगळ्यांत जास्त बसतो, ती तर तिथे नव्हतीच. बीमचा पिंजरा उतरवताना अडते म्हणे. मावसभावाला याची काळजी नव्हती. त्याचं सगळं लक्ष ईशान्येच्या कोपऱ्यावर होतं. वास्तूवाल्याच्या सांगण्यावरून एक कॉलम दीड फूट सरकवला होता, त्यामुळे वरचा बीम त्याच्यावर धड टेकतच नव्हता. ईशान्येला काय वाटतं ते माहीत नाही, बीमला नक्की वाटत असणार.

बाकीचे मुद्दे भराभर. खाली मोकळं पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले असले की सगळी हालचाल तळमजल्याच्या कॉलमवरच येते. तिथे आरसीसीची सलग भिंत दिली तर फार फरक पडतो. सळ्यांचे जोड स्लॅबच्या लगेच वर देऊ नयेत, कॉलमच्या मधल्या भागात द्यावेत. कॉलम बीमपेक्षा दणकट हवेत, म्हणजे मोडलाच तर बीम मोडेल.

जुन्या इमारतीलाही पोतं शिवता येतं. कॉलमभोवती नव्या सळ्या, नव्या रिंगा आणि नवं काँक्रीट, किंवा पोलादी पत्रा, किंवा कार्बन तंतूंचं कापड राळेने चिकटवून. पण आत काय आहे ते आधी कळायला हवं. सळई शोधायचं यंत्र रिंगांमधलं अंतर दाखवतं, टोक कुठे वळलंय ते सांगत नाही. त्यासाठी कोपऱ्यातलं कव्हर वीतभर फोडावं लागतं.

आमच्या सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये गळती, गंज, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सगळं आलं. रिंगांचा उल्लेख नाही. पार्किंगमधला एक कॉलम फोडून पाहू, असं मी सभेत सुचवलं. सेक्रेटरी म्हणाले, “आत्ताच रंग काढलाय हो, दिवाळीनंतर बघू.” ती दिवाळी होऊन गेली. कॉलम अजून पिस्ता रंगाचा आहे.