हसू मोजणारा कॅमेरा आणि नजर उसनी देणारा चष्मा

लोकांसमोर सतत प्रसन्न दिसावं लागतं अशा नोकऱ्यांसाठी जपानमध्ये दोन यंत्रं निघाली. दोन्ही वरवर सारखीच वाटतात, पण एक कामगाराचा चेहरा कामाला जुंपतं आणि दुसरं त्याला सुट्टी देऊ बघतं.

२००९ साली टोकियो परिसरातल्या केइक्यू रेल्वेने स्थानकांवरच्या कर्मचाऱ्यांसाठी 'स्माइल स्कॅन' आणलं. सॉफ्टवेअर ओमरॉन कंपनीचं. कॅमेऱ्यासमोर बसायचं, हसायचं, की डोळे, ओठांचं वळण आणि चेहऱ्यावरच्या रेषा तपासून ते ० ते १०० असे गुण देई. कमी पडलात तर पडद्यावर सूचना येई: अजून गंभीर दिसताय, ओठांचे कोपरे वर न्या.

दुसरं यंत्र २०१४ चं, त्सुकुबा विद्यापीठाच्या हिरोताका ओसावा यांचा 'एजन्सीग्लास' चष्मा. भिंगांच्या जागी दोन छोटे पडदे आणि त्यांवर हलणारे डोळे. समोर माणूस आला की कॅमेऱ्याला कळतं आणि पडद्यावरचे डोळे त्याच्याकडे बघतात. तुम्ही मान डोलावली की ते मिटून उघडतात. आत तुमचे खरे डोळे खुशाल पेंगत असोत! असा चष्मा विचित्र दिसतो, हे मान्य. पण त्यामागचा विचार मला फार माणुसकीचा वाटतो. पगारासाठी भावना आवरणं किंवा चेहऱ्यावर आणणं हेही श्रमच आहेत, असं अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांच्या कामावरून दाखवून दिलं होतं. ओसावांनी ते श्रम खरोखरचे धरले, आणि म्हणून त्यातले थोडे यंत्राच्या गळ्यात घातले.

स्माइल स्कॅनचा कॅमेरा नेमकं उलटं करतो. श्रम तुमचेच राहतात, वर परीक्षा वाढते.

मी काही वर्षं एका रुग्णालयात चौकशीच्या खिडकीशी बसले आहे. दुपारनंतर गाल ओढल्यासारखे दुखायचे. त्याचं कारण मला नंतर कळलं. ओठांचे कोपरे वर खेचणारा गालाचा स्नायू हुकमी हलतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू सहसा मनापासून हसू आलं तरच साथ देतो. फ्रेंच डॉक्टर द्यूशेन यांनी विजेचे हलके झटके देऊन हा फरक १८६२ मध्येच मांडला होता. म्हणजे मी दिवसभर अर्धाच चेहरा ओढत होते. 'कोपरे वर न्या' ही सूचना त्याच दुखऱ्या स्नायूला आणखी राबवणार. आत काहीच वाटत नसताना वरून हसत राहिलं की माणूस जास्त थकतो, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

चष्म्यातही उणीव आहेच. तो डोळे देतो. आवाज नाही, ओठही नाहीत. आणि समोर कोण उभं आहे, हे या दोन्ही यंत्रांना कळत नाही. एकदा एक बाई मृत्यूचा दाखला कुठे मिळतो ते विचारायला आल्या. माझ्या चेहऱ्यावर सकाळपासूनचं हसू तसंच चिकटलेलं होतं. त्यांनी ते बघितलं आणि नजर खाली घातली. मी ओठ मिटले, खुर्चीतून उठले, आणि खिडकीबाहेर जाऊन त्यांना त्या खोलीपर्यंत सोडून आले.